रिठ्याचं पाणी

शालनच्या रेकॉर्डींवरची धूळ पाण्यात सुटली की बोलते, हे अच्युत सबनीसांना पहिलं पाणी मोरीत ओतून दिल्यावर कळलं. परात उपडी करताना "अहो, ओला पंचा पलंगावर टाकू नका" एवढं स्पष्ट ऐकू आलं. बाकीचं जाळीतून खाली गेलं.

शालनचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. तिच्या धाकट्या बहिणीला, विजूला, रेकॉर्डी हव्या होत्या. "पण धुऊन द्या हं भाऊजी, मला धुळीने शिंका येतात," असं तिने फोनवर बजावलं होतं. आज दुपारी ती न्यायला येणार होती. म्हणून सबनीसांनी रिठे उकळून पाणी गाळलं, शालनच्या जुन्या पातळाचा मऊ तुकडा घेतला आणि ओट्याशी उभे राहिले. मधला कागद भिजवायचा नाही, फडकं रेघांच्या अंगानेच फिरवायचं, हे त्यांना बघून बघून माहीत होतं. हात लावायची परवानगी नव्हती. "तुमचे हात तेलकट," शालन म्हणायची.

स्वयंपाक करताना ती रेकॉर्ड लावायची आणि गाणं चालू असताना सारखी बोलायची. ते बोलणं धुळीबरोबर रेघांत बसलं होतं. यात सबनीसांना नवल वाटलं नाही. वैताग आला.

दुसरं पाणी त्यांनी पातेल्यात काढून ठेवलं. ते गॅसच्या नळीबद्दल बोलत होतं. तिसरं कळशीत ओतलं, तर त्यात विजूच्या सासरच्यांनी मानपानात काय काय केलं ते निघालं. दोन पाणी एकत्र केली की दोन्ही एकदम बोलत आणि काही धड कळत नसे. म्हणून प्रत्येकाला वेगळं भांडं लागलं. सबनीसांनी डाळीचे डबे वर्तमानपत्रावर रिकामे केले. चहाचं भांडंही गेलं.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा माणगावे होता.

"काका, काकू आमच्या मोरीतनं बोलाय लागल्यात."

"काय म्हणते?"

"आमटीला लसणाची फोडणी द्या म्हणतात. आमच्यात लसूण चालत नाही. काकूंना ठाऊक हाय की."

"मग सांग तिला."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"माझं तरी कधी ऐकलं?" असं म्हणून सबनीसांनी दार लावलं.

आत आले तर भांडी उंबऱ्यापर्यंत आली होती. पाय आडवे टाकत ते ओट्याशी पोचले.

"इतकी वर्षं काढलीस माझ्यासोबत," ते कुकरला म्हणाले, "एक शब्द गोड बोलली नाहीस?"

"झाकण लावा, माशा बसतील," कुकरातलं पाणी म्हणालं.

त्यांनी झाकण लावलं.

आता प्लेअरवरची एकच तबकडी उरली. शालनला दवाखान्यात नेलं त्या दिवशी दुपारी ती लावलेली होती. सबनीस गॅलरीत पेपर वाचत होते. आतून शालन काहीतरी बोलली. "काय?" त्यांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. संध्याकाळी तिला नेलं आणि तिथे ती शुद्धीवर आली नाही. काय म्हणाली होती ते या तबकडीत होतं. पहिल्यासारखं हेही पाणी वाया जाऊ नये, आधी हात बसू दे, म्हणून त्यांनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

आणि भांडं उरलं नव्हतं. परातीतसुद्धा आधीचं पाणी त्यांच्या बनियनच्या भोकांबद्दल बोलत बसलं होतं. सबनीसांनी गॅसच्या नळीचं पातेलं उचललं आणि मोरीवर वाकवलं.

"ओतताय होय?" पाणी म्हणालं. "ओता. मला काय."

ते थांबले. पातेलं परत जागेवर ठेवलं.

"कटकट आहे नुसती," ते मोठ्याने म्हणाले.

शेवटी त्यांनी फडकं गाळणीत उरलेल्या ओल्या रिठ्यांवर दाबून भिजवलं आणि तबकडी पुसली, सावकाश, रेघांच्या अंगाने. मग फडकं दोन्ही तळव्यांत धरून दाबलं आणि दातांनी ओढून बाजूला टाकलं. ओंजळीत थोडं काळसर पाणी राहिलं.

"अहो," पाणी हळू आवाजात म्हणालं. "ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मी काय म्हणते..."

बेल वाजली.

"भाऊजी! दार उघडा, रिक्षा थांबवून आलेय!"

पाणी गप्प झालं. दारात माणूस आलं की शालन घरातलं बोलणं तिथल्या तिथे तोडायची. पातेली, कळशी, डबे, कुकर, सगळेच गप्प झाले. स्वयंपाकघरात दिवसभरात पहिल्यांदाच शांतता झाली.

"अगं, विजूच आहे," सबनीस दबक्या आवाजात म्हणाले. "परकी का आहे ती? बोल."

"भाऊजी, आत आहात ना?"

करंगळीजवळून पाणी गळायला लागलं होतं. सबनीसांनी बोटं घट्ट आवळली, वाकून कान ओंजळीला लावला, आणि बेल वाजत राहिली.