करंजेलाची जीप

मित्रांनो, डोंगरावरच्या वाडीत जिच्या बोनेटवर कोंबड्या झोपतात ती जुनी जीप बघितलीत ना? ती मी. हसू नका. एके काळी कापडे गावावरनं मी वर चढायला लागले की म्हशीसुद्धा वाट द्यायच्या.

महाडला भाडी मारून मारून मी म्हातारी झाले, तेव्हा हरिबानं मला वाडीत आणली. पण वाडीत डिझेल कुठलं? पंप खाली पोलादपूरला. आणायला जावं तर निम्मं जाण्यायेण्यातच उडायचं. मग हरिबानं डोकं लढवलं. वाडीभोवती करंजाची झाडं उदंड. बायकांनी बिया वेचल्या, नाते गावातल्या घाण्यावर तेल काढलं, गाळून थोड्या डिझेलात मिसळलं अन् मला पाजलं. मी जरा खोकले, अन् सुटले की पळत! धुराला असा कडू वास, की बाजारात बायका नाकाला पदर लावायच्या. हरिबा म्हणायचा, "गो बायांनो, हिला खरूज व्हायची नाय कधी!" कारण तेच करंजेल आमच्याकडं म्हशींच्या खरजेला चोळतात.

तिथंच घात झाला. म्हशींच्या तेलात हरिबाची बायको धोंडूबाई गंधक अन् हळद कालवायची, अन् गोठ्यात माझ्या तेलाशेजारीच ठेवायची. डबे सगळे सारखेच.

पाऊस सरत आला होता. हरिबाची सून ज्योती गवत कापत होती, तिला फुरसं चावलं. एवढासा साप, पण इख जहाल. हिरड्यांतनं रगत येतं. मोबाईलला रेंज नाय, माझ्या टाकीत तळाला जरासं डिझेल. तिचा नवरा सुनील गोठ्यात धावला, हाताला लागला तो डबा टाकीत ओतला अन् निघालो.

उतार मी कशीबशी उतरले. कापड्याच्या अलीकडं चढ लागला अन् माझा श्वासच कोंडला. फिल्टर गच्च. हरिबानं टाकीत काडी घातली, ती पिवळी होऊन वर आली.

"आरं मेल्या, म्हशीचं औषध पाजलंस हिला!"

"मला काय ठाव? आयेनं डबा तिथं..."

"डबं कसलं बघताय? पोर बघा!" धोंडूबाई मागनं किंचाळली. ज्योतीचे दात लाल झाले होते. ती पुटपुटली, "आत्या, गवत तसंच पडलंय. म्हशी उपाशी राहतील."

"गप गो! त्यांचंच तेल घेऊन चाललोय, आता गवताचं सांगू नको." बोलता बोलता धोंडूबाईला रडू फुटलं.

सुनील म्हणाला, "बाबा, फिल्टर काढतो. नळी सरळ इंजिनाच्या डिझेल-पंपाला जोडतो. पण कचरा पंपात जाईल. जीप मरंल."

हरिबानं माझ्या बोनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "मरू दे. चालव."

गंधक माझा पंप आतनं खरवडत होतं. मी ओरडत होते, त्यांना वाटलं जोर लावतेय. दवाखान्याच्या दारात पोचले अन् मेले.

ज्योती वाचली.

मला ट्रॅक्टरनं ओढत वाडीत आणली. पंप घेऊन येतो म्हणून सुनील मुंबईला गेला. अजून आला नाय तो, अन् पंपही नाय. ज्योती मात्र दर उन्हाळ्यात बिया वेचते, तेल तीन पदरी फडक्यातनं गाळते, डब्यावर लाल फुली मारते अन् माझ्या शेजारी ठेवते. तेल हाय, पाजणारी हाय, पण पिणारी मीच उरले नाय. आजारी माणूस परत झोळीत घालून खांद्यावरनं न्यायला लागलेत.

मित्रांनो, करंजाला दोष देऊ नका. बिचारं दरसाल लागतं, कुणाकडं काय मागत नाय. तेल गाळून घाला, गुरांचा डबा वेगळा ठेवा. अन् तुमच्यातल्या कुणाला पंप बसवता येत असंल तर या रे, लवकर या. गवत कंबरेएवढं वाढलंय, अन् बायका विळे घेऊन निघाल्यात.