बाळंतीण गाडी

देवगाव फाट्याला आमचं कडब्याचं शेड आहे. रस्त्याला लागून आहे म्हणून धाबेवाल्यांनी मागितलं, पंपवाल्यानं मागितलं, मी कुणाला दिलं नाही. दिलं ते नातवाला. आदिनाथ पुण्याला एका मोठ्या गॅरेजात गाड्या रंगवायला होता. त्याच्या हातात काय आहे ते मी सांगणार नाही, घरच्या पोराचं कौतुक बाहेरच्यांनी करावं. मी त्याला एवढंच म्हणाले की दुसऱ्याच्या शेडात नाक बांधून उभं राहण्यापरीस आपल्या शेडात उभा राहा. कडबा बाहेर काढला, आतून ताडपत्री लावली, पोरगा आला.

गाड्या मात्र येईनात. लोक चहा पीत शेडात डोकवायचे, काम बघायचे, मान हलवायचे आणि आपली गाडी परभणीला नाहीतर जालन्याला घेऊन जायचे. गावातला माणूस डोळ्यांसमोर वाढलेला असतो, त्याच्या हातावर विश्वास बसत नाही. पोराचं तोंड उतरत चाललं. मग पुण्याच्या शेठचा फोन आला की जागा रिकामी आहे, ये. आदिनाथनं मला सांगितलं नाही. मी बॅग बघितली. शेडातल्या खिळ्याला टांगलेली, भरलेली. मी रोज तिच्याखालून जायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाही. मी बोलले असते तर तो थांबला असता, पण माझ्या भिडेनं थांबला असता. तसलं थांबणं मला नको होतं.

तेवढ्यात वालूरच्या चंद्रभानरावांची गाडी आली. पांढरी, नवी. सेलूहून येताना रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली आणि डाव्या बाजूचं सगळं तोंड दबलं. बॉनेट वाकलं, दिवा फुटला, चंद्रभानरावांना खरचटलंसुद्धा नाही. ह्या माणसाचं जिनिंग आहे. कापसाच्या दिवसांत निम्म्या तालुक्याच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या असतात. त्यानं नाव काढलं तर शेडाला फुरसत मिळणार नाही, आणि नाव ठेवलं तर शेडात परत कडबा. हे मला कळत होतं आणि आदिनाथला माझ्याहून जास्त कळत होतं.

त्यानं जीव ओतून काम केलं. दबलेलं काढलं, खड्ड्यात लांबी, ती पुट्टी, भरली, घासलं, परत भरली, परत घासलं. मी दारात खाट टाकून बसले. कोंबडी आत येऊ द्यायची नाही, धूळ उडू द्यायची नाही, आणि कुणी बोट लावून बघायला आला तर त्याच्या बोटाची चौकशी करायची, एवढं काम माझ्याकडं होतं. शेवटी त्यानं रंगावर तो काचेसारखा थर मारला. वाळल्यावर माझी सून राजेश्री दारापाशी वाकली आणि त्यात बघून कुंकू नीट करायला लागली. मी तिला हाकललं, पण वाकून मीही बघितलं.

गाडी न्यायला चंद्रभानराव आले तेव्हा सोबत त्यांच्या आई होत्या, लक्ष्मीबाई. माझ्याच वयाच्या. बारीक, कमी बोलणाऱ्या, पदर कधी खांद्यावरून न ढळणाऱ्या. चंद्रभानरावांनी चौफेर फिरून बघितलं. खोट सापडली नाही, तर म्हणाले की आता वरून मेण चढव, ते कोटिंग का काय म्हणतात ते कर, उद्या एका लग्नाला जायचंय, तिथं चमकली पाहिजे. आदिनाथ सांगायला लागला की रंग वरून वाळला तरी आतून ओला असतो, त्याच्यातली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते, इतक्यात वरून काही चढवलं तर रंग गुदमरतो, फुगे धरतो. ऐकणारा मोबाइल बघत होता. मला राहवलं नाही.

"चंद्रभानराव, सरळ समजा की गाडी बाळंतीण हाय," मी म्हणाले. "सव्वा महिना तिला उन्हात उभी करू नका, गार पाण्यानं खसाखसा धुऊ नका. अंगाला कुणाचा हात लागू देऊ नका. हळद-कुंकू, नारळ, हार, काय बी न्हाई. सव्वा महिन्यानं हिकडं माहेराला आणा, मग तिचं न्हाणं-तेल काय ते आदिनाथ करील."

सगळे हसले. चंद्रभानरावही हसले आणि त्यांना कळलं. एकट्या लक्ष्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मला बरं वाटलं, म्हटलं एका तरी बाईला माझं बोलणं पोचलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत होतो आणि तीच गाडी धूळ उडवत दारात येऊन उभी राहिली. धूळ बघूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. आदल्या दिवशी हाच माणूस बैलगाडीच्या चालीनं घेऊन गेला होता.

चंद्रभानराव उतरले, दार आपटलं, बोटानं खूण केली. डाव्या दिव्याच्या वर, बॉनेटच्या कडेला, बरोबर नव्या रंगावर, हरभऱ्याएवढा काळा डाग होता. खाली त्याचा बारीक ओघळ आलेला. पांढऱ्यावर तो असा दिसत होता की दुसरं काही दिसतच नव्हतं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की काल गावात पन्नास माणसं गाडी बघून गेली, सगळ्यांना मी सांगितलं देवगाव फाट्यावर काम केलं, आणि सकाळी हे वर आलं. आतून गंज उतू आला म्हणा, तुमचा रंगच भिकार म्हणा. आज लग्नाला माझे सगळे व्यापारी येणार, त्यांना मी काय दाखवू. फाट्यावरचे दोघे-तिघे चहाचे कप घेऊन जवळ सरकले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं, आणि ऐकू जावं असंच ते बोलत होते.

आदिनाथ गुडघ्यावर बसला. ओल्या मऊ फडक्यानं पुसलं, डाग हलला नाही. काहीतरी पातळ लावून पुसलं, तरी हलला नाही, उलट कडेला तपकिरी झाला. माझ्या नातवाचा चेहरा मी पाळण्यापासून बघत आले आहे. त्या घडीला त्यात जे उतरलं ते मी कधी बघितलं नव्हतं. त्याला स्वतःचाच संशय आला होता. थिनर खराब होतं का, आधीचा थर ओला राहिला का, असं तो स्वतःशीच पुटपुटायला लागला. आणि त्याची नजर एकदा, एकदाच, खिळ्याकडं गेली.

"हे माझ्या समोर काढ," चंद्रभानराव म्हणाले. "आत्ता. घासायची मशीन हाय न्हवं तुझ्याकडं? लाव मशीन."

आदिनाथ म्हणाला की रंग कोवळा आहे, मशीन तापली तर थर उचलेल, डाग राहील बाजूला आणि सगळं बॉनेट करावं लागेल. चंद्रभानराव म्हणाले, मग मी परभणीला नेतो आणि तिथं सांगतो कुणी केलं होतं. एवढ्यावर पोरानं मशीन उचलली. मला दिसत होतं की त्याला माहीत आहे हे चुकीचं आहे, आणि तरी तो करणार आहे, कारण चार माणसांसमोर त्याची इज्जत गेलेली होती आणि गेलेल्या इज्जतीमागं माणूस आंधळा पळतो.

मी डागाकडं बघत होते. गोल ठिपका आणि खाली ओघळ. असा ओघळ गंजाला येत नाही. असा ओघळ मी माझ्या हातानं किती पोरांच्या पाठीवर, तळपायावर, कधी दुखण्यासाठी, कधी नजरेसाठी, आणलेला आहे. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की टेकवायचं. हात सावरला नाही तर थेंब खाली ओघळतो. काळा होतो आणि जन्मात धुऊन जात नाही.

आदिनाथनं बटण दाबलं, मशीन घरघरली. मी खाटेवरून उठले आणि भिंतीतून वायर उपटली.

"मावशी, मधी पडू नका," चंद्रभानराव म्हणाले.

"मधी कुठं? माझ्या शेडात उभी हाय," मी म्हणाले, आणि वायर मुठीत घेऊन गाडीच्या मागच्या खिडकीशी गेले.

लक्ष्मीबाई आत बसल्या होत्या. लग्नाचं लुगडं, नाकात नथ. एवढा वेळ झाला, लेक बाहेर भांडतोय, पण त्या ना खाली उतरल्या, ना तोंड उघडलं. उजवा हात पदराखाली होता आणि पदर आतून हलत होता, कुणीतरी सारखं खाजवत असल्यासारखा.

आता मी काय करणार, हे माझं मलाच कळत नव्हतं. पन्नास माणसांना दाखवलेल्या गाडीवर हे कुणी केलं, ते चार माणसांसमोर मी ओरडून सांगितलं असतं तर माझा नातू सुटला असता. पण लेकासमोर आणि चहाचे कप धरलेल्या गड्यांसमोर माझ्या वयाची बाई उघडी पडली असती. आणि नाही सांगितलं तर बॅग खिळ्यावरून उतरली असती. माझी जीभ कधी मागं राहत नाही. त्या दिवशी राहिली.

मी राजेश्रीला हाक मारली आणि खोबरं वाटून आण म्हणाले, बारीक, लोण्यासारखं. चंद्रभानरावांना वाटलं मी म्हातारी चळली. पाट्यावर खोबरं वाटल्याचा आवाज तेवढा येत होता आणि पदराखालचा हात थांबला होता. खोबऱ्याचं नाव ऐकूनच थांबला होता. आमच्या वयाच्या बाईला ते कशावर लावतात हे सांगावं लागत नाही.

राजेश्रीनं वाटी आणली. मी दार उघडलं आणि हळू म्हणाले, "लक्ष्मीबाई, बोट द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हात बाहेर काढला. अंगठा आणि शेजारचं बोट टरारून फुगलं होतं, बारीक फोड आलेले, नखात काळं. बिब्बा अंगावर उतला होता, त्यावर खोबरंच लागतं. मी खोबरं घेतलं आणि लावायला लागले.

"चावून लावत्यात, वाटून न्हाई," त्या म्हणाल्या.

"दात कुठून आणू?" मी म्हणाले.

चंद्रभानराव आईच्या बोटाकडं बघत होते, मग दिव्यावरच्या डागाकडं, मग परत बोटाकडं. बिब्बा त्यांनाही माहीत असणार, त्यांच्याही पाठीवर असणार.

"आई, तू?"

लक्ष्मीबाई त्यांना नाही, मला बोलल्या. "तुमीच म्हन्लात न्हवं, बाळंतीण हाय म्हणून? हळद-कुंकू नको म्हन्लात, न्हाई लावलं. नारळ नको म्हन्लात, न्हाई फोडला. पण बाळंतिणीला काल सगळं गाव बघून गेलं, आन तीट न्हाई? बिब्बा नको म्हणून तुमी कुठं सांगितलं होतं?"

कप धरलेला एक गडी फसकन हसला. मला हसू आलं नाही. माझंच वाक्य माझ्या तोंडावर येऊन बसलं होतं, आणि ते खरं होतं. मी नाही म्हणायच्या गोष्टी मोजल्या होत्या, बिब्बा त्यात नव्हता.

"आन रोही आडवी आली त्या दिसापासून," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आवाज थोडा खाली आला, "ही गाडी वाड्याभाईर निघाली की माघारी येईस्तोवर मी उंबऱ्यावरनं उठत न्हाई. तुला सांगून तू लावू देणार हायस का?"

कप धरलेल्या गड्यांकडं चंद्रभानरावांनी असं बघितलं की ते चहाच्या टपरीकडं माघारी गेले. मग ते बॉनेटवर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले, माझ्याकडं बघून हात मागं घेतला. तेवढं बघून मला कळलं की आता हा माणूस ऐकेल.

त्यांनी आदिनाथला विचारलं, हे निघेल का. आज नाही, आदिनाथ म्हणाला. आता त्याचा आवाज त्याचा होता. बिब्बा वरच्या थरात उतरलाय, खालच्या रंगात गेला नसावा. सव्वा महिन्यानं थर पक्का झाला की हातानं, पाण्याच्या कागदानं, इतकंसं घासून काढीन आणि मग पॉलिश. आज मशीन लावली तर डाग नाही, बॉनेट जाईल. तोवर असाच राहू द्या.

"लग्नाला असंच नेऊ? लोक इचारतील."

"सांगा आईनं तीट लावली," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या गाडीला लावणारं हाय का कुणी, इचारा."

चंद्रभानरावांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग ते आदिनाथकडं वळले आणि जे विचारायला मी इतके दिवस भीत होते ते सरळ विचारलं. "सव्वा महिन्यानं आणीन. पण तू असशील का? तू पुण्याला निघालास म्हणून ऐकायलोय मी."

मी लक्ष्मीबाईंच्या बोटाला खोबरं लावत राहिले, लावायचं संपलं होतं तरी लावत राहिले. मागं वळून बघितलं नाही. वळले असते तर पोराला माझं तोंड दिसलं असतं, आणि मग ते उत्तर माझ्या तोंडाला मिळालं असतं.

"आणा तुमी," आदिनाथ म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. मी हाय."

गाडी निघाली. लक्ष्मीबाईंनी खिडकीतून मला सांगितलं की डाग निघाला की त्या परत लावणार, ह्या खेपेला काजळाची. मी म्हणाले, गाडीच्या नका, लेकाच्या गालाला लावा. चंद्रभानरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं रस्त्याला लागली.

धूळ खाली बसली. आदिनाथ मशीनजवळ उभा होता. मला वाटलं तो काही बोलेल.

"आजी," तो म्हणाला, "वायर दे आता."

मी हाताकडं बघितलं. मुठीला तिचे तीन वेढे बसले होते आणि बोटं पांढरी पडली होती.