भैरूचं नाव कमी करण्याबाबत

महिपतच्या खाचरात दोन हात आत सरकवलेला बांध भैरूनं शेवटी मागे घेतला. आता हे झालंच नाही असं धरून चाला. भैरूही तसंच धरून चालतो.

महिपत मुंबईला गोदीत होता. तिथं पाय मोडून मिशनच्या दवाखान्यात तीन महिने पडला, आणि उठला तो ख्रिस्ती होऊन. पोलादपूरच्या डोंगरातल्या आपल्या वाडीत परतला, तर भैरूनं बांध असा आत सरकवलेला. भांडण बघायला सगळी वाडी कामं टाकून जमली. महिपत म्हणाला, "भैरूदादा, मी तुला माफ केलं." आणि घरी जेवायला गेला.

लोक फार नाराज होऊन पांगले.

चार-पाच दिवसांनी भैरूची बायको साळूबाई पाण्याहून आली, ती डोक्यावरची घागर न उतरवताच म्हणाली, "अवो, तो महिपत डोळं मिटून तुमचं नाव घेतो. रोज सकाळी."

"काय मागतो?"

"तुमचं भलं."

"माजं भलं? मी त्याचा बांध सरकवला, नि तो माजं भलं मागतो? ह्यात कायतरी हाय गो."

होतंच. त्याच आठवड्यात भैरूची म्हैस शेरभर दूध जास्त द्यायला लागली. वर्षभर ठणकणारी दाढ गप्प झाली. भैरूनं दूध पिणं सोडलं आणि ठणका परत येतो का म्हणून त्या दाढेनं सुपाऱ्या फोडून पाहिल्या. येईना.

"बोकडालाबी आधी खाऊपिऊ घालतात," तो बायकोला म्हणाला.

मग तो काळकाईच्या देवळात गेला. भागोजी गुरवानं कौल लावायला देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही.

"आईला काय घालू गाऱ्हाणं?"

"भैरूचं भलं थांबव, म्हण."

"तू भैरूच ना रे?"

"तू म्हण तर!"

दोन्ही फुलं एकदम पडली. भागोजी म्हणाला, "आई म्हणते, मला ह्यात घेऊ नका."

भैरू थेट महिपतकडं गेला. "किती दिवस चालणार हे?"

"शत्रूसाठी मागा, असं प्रभूनं सांगितलंय, दादा."

म्हणजे शत्रुत्व मिटलं की नाव कटलं, असा भैरूनं अर्थ लावला. बाजाराला वाडी महाडात उतरली, तेव्हा भर दुपारी त्यानं एकट्यानं बांध मूळ जागी नेला. सकाळी महिपतच्या कुडाला कान लावून उभा राहिला.

आत महिपत रडत होता. "बापा, भैरू माजा भाऊ हाय. त्याला सुखी ठेव. साळूवयनीला, पोरांना, म्हशीला…"

आपल्यासाठी कुणी रडतंय, हे भैरूनं जन्मात ऐकलं नव्हतं. तसाच तो चालत महाडला गेला आणि कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यापुढं बसला.

"मे. मामलेदारसाहेब, तालुका महाड, यांचे हुजुरास. अर्जदार भैरू याचा विनंती अर्ज ऐसा जे, महिपत हा इसम रोज सकाळी अर्जदाराचे भले अर्जदाराच्या संमतीवाचून मागत आहे. तरी मेहेरबान होऊन सदर प्रार्थनेतून अर्जदाराचे नाव कमी करविण्यात यावे. ते न जमल्यास अर्जदारास सदर इसमाचा शत्रू म्हणून पूर्ववत कायम करावे, ही विनंती."