भावजींची नोकरी

१९८५ साली अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये मी घरीच शेजारची मुलं सांभाळत असे. त्यांच्या जेवणाला सरकारी मदत होती. माझ्या विनीताच्या जेवणाला मात्र घरातल्या सगळ्यांचं मिळून उत्पन्न कमी असेल तरच मदत मिळे. बेकार दीर आमच्याकडे राहत, तरी आम्ही त्या मर्यादेत जेमतेम बसत होतो: माणूस वाढला होता, पगार नाही.

एके दिवशी ते ओरडतच आले, "वहिनी, जॉब मिळाला!"

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. अभिनंदनाआधी माझी बेरीज झाली: त्यांचा पगार धरला, तर विनीताची मदत बंद.

"चेहरा का पडला, वहिनी?"

"छे, आनंदच झाला."

"मग आता अपार्टमेंट बघतो."

"काहीतरीच काय भावजी! इथंच राहायचं," मी ठासून म्हणाले. मग राहवेना. "पण साधारण कधीपासून बघताय?"