दोन्ही हातांत कप

काटा चारवर

गोळ्यांच्या कारखान्यात पाक एका खोलीत उकळतो आणि साच्यांत पडतो दुसऱ्या खोलीत. मध्ये भिंत. भिंतीला धरून गेलेली जाड नळी. नळीच्या मुळाशी पंप, पंपाशेजारी स्टूल, स्टुलावर पाकवाले काका.

त्यांना खरं नावही होतं, पण ते हजेरीपुरतं. भट्टीवाल्यापासून मालकापर्यंत सगळे त्यांना पाकवालेच म्हणत, आणि घरी फोन आला तर बायकोही म्हणे, "पाकवाले आंघोळीला गेलेत."

काम तसं बसूनच. पण बसल्या जागी माणूस किती दमतो ते काकांच्या मानेला विचारावं. समोर दाबाचं घड्याळ, त्यात काटा. काटा चारवर असला की जग ठीक. पलीकडे साचे भरणाऱ्या बायकांनी न सांगता तोटी बंद केली की काटा उठायचा. साडेचार. पाच. साडेपाचला टेकायच्या आत काकांचा उजवा हात बाजूच्या चाकावर पडलेला असायचा. चाक फिरलं की पाक आडवाटेने टाकीत परत जाई आणि काटा मुकाट्यानं खाली येई. मग काका भिंतीवर दोन ठोसे मारायचे. पलीकडून एक ठोसा यायचा. दोन म्हणजे "अगं बायांनो", आणि एक म्हणजे "चुकलो, आता गप बसा".

पंपाच्या तोंडाशी एक रिलीफ व्हॉल्व्हही होता. दाब सहाच्या वर गेला तर त्यानं आपोआप उघडावं, एवढ्यासाठी बसवलेला. काका दर वर्षी त्याला हिरवा ऑइलपेंट देत. पाहुणा आला की त्याच्यावर हात ठेवून सांगत, "माझ्या हाताखाली हा एकदाही उघडलेला नाही." एखादा बाप सांगतो ना, आमचं पोर कधी आजारी म्हणून पडलं नाही, त्या सुरात.

काटा पाचकडे (घरी, जेवताना; आई, बाबा आणि व्हॉल्व्ह तपासायच्या वर्कशॉपात नोकरीला असलेली लेक)

"माझ्या भावानं समुद्रावर घर बांधलं."

"माहीत आहे."

"त्याला आता दुसऱ्यांदा रंग लागला. मी अजून पहिलाच पाहिलेला नाही."

"कारखाना बंद असेल तेव्हा जाऊ की."

"कारखाना बंद असतो तेव्हा तुम्ही पंप पुसायला जाता."

"मग काय मी चालू पंप सोडून जाऊ? काट्याकडे कोण बघेल?"

"काट्याला बरोबर घ्या. खिडकीजवळची जागा देऊ त्याला."

"बाबा, पण व्हॉल्व्ह आहे ना त्याच कामाला?"

"आहे की. पण त्याच्यावर वेळ येऊ द्यायची नाही, ही माझी रीत."

"मग तो आहे कशाला?"

"असावा."

"असं करू. सफाईला लाइन बंद होईल तेव्हा तो माझ्या वर्कशॉपात आणा. नीट उघडतो असं दिसलं, तर आठ दिवस आईचे."

"न उघडायला काय झालंय त्याला? पोटच्या पोरासारखा जपलाय."

"पोटची पोर समोर बसली आहे, बाबा. तिला तुम्ही रंग कधी दिला नाहीत."

"ठरलं तर मग," आई म्हणाली, आणि भात वाढायचा सोडून माळ्यावरची बॅग काढायला गेली.

काटा शून्यावर

सफाईच्या दिवशी पंप गप्प होता. काकांनी व्हॉल्व्ह स्वतः सोडवला, टॉवेलात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं टॉवेलाकडे कौतुकानं पाहिलं आणि "झोपलाय का?" असं विचारलं. काकांनी कोपरा दूर करून दाखवलं. बाई उतरेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

वर्कशॉपात लेकीचं टेबल खिडकीशी होतं. टेबलाला लोखंडी बैठक, बैठकीखालून येणारी पाण्याची नळी, वर घड्याळ. पाण्याचा दाब हातपंपानं वाढवत न्यायचा आणि व्हॉल्व्ह कुठं उघडतो ते पाहायचं. घरी "आई, माझा डबा कुठंय" करणारी पोरगी इथं चष्मा चढवून आली तेव्हा काका आपसूक उठून उभे राहिले.

"बसा हो, बाबा."

"आधी फडक्यानं पुसून घे. वाटेत धूळ बसली असेल."

"नाही. आमच्याकडे आलेला व्हॉल्व्ह आधी आहे तसा लावतात. पुसायचा नाही, ठोकायचा नाही, तेल घालायचं नाही. तो तिथं खरा कसा वागत होता ते तसंच कळतं."

"रंगाला ओरखडा आणू नकोस म्हणजे झालं."

तिनं एका बाजूच्या दांडीला बोट लावून पाहिलं. मधूनमधून हलवून बघण्यासाठी ठेवलेली दांडी. ती जागची हलली नाही. हिरव्या रंगाचे थर तिला अंगाशी धरून बसले होते.

इथे दोन मिनिटं गोष्ट थांबवून नळीच्या आत जाऊ

कारण काय पणाला लागलं आहे ते आतूनच नीट दिसतं. हा पंप दात असलेल्या दोन चाकांचा. एका फेऱ्यात जेवढा पाक उचलतो तेवढा पुढे ढकलतो. पुढची तोटी बंद आहे की उघडी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बंद असली तरी ढकलतो. मग पाकाला जायला जागा नसते आणि दाब वाढत जातो, तो कुणीतरी हार मानेपर्यंत. कधी सांध्यातलं रबर मानतं, कधी नळी, कधी पंपाचा दांडा. पाक असतो कढत. तो नळी सोडून बाहेर येतो तेव्हा खोलीत कोण उभं आहे हे बघत नाही.

म्हणून सगळ्यांत आधी हार मानणारा एक जण मुद्दाम नेमलेला असतो. तोच हा. आत एक चकती, चकती भोकावर बसलेली, आणि वरून तिला दाबून धरणारी स्प्रिंग. पाकाचा जोर स्प्रिंगपेक्षा कमी, तोवर चकती बसून. जोर वरचढ झाला की चकती उचलली जाते, जादा पाक परतीच्या नळीनं टाकीत जातो, दाब उतरतो, चकती पुन्हा खाली बसते. नळी दहाला फुटणारी असेल आणि काम चारवर चालत असेल, तर स्प्रिंग सहावर बांधायची. एवढंच. त्याला बटण लागत नाही, वीज लागत नाही, कुणी स्टुलावर बसावं लागत नाही.

चला बाहेर.

काटा सहाच्या पुढे

लेक हातपंप मारत होती. काका घड्याळाकडे बघत होते, दुसरीकडे बघायची सवयच नव्हती.

चार. पाच. साडेपाचला काकांचा उजवा हात हवेत चाक शोधू लागला.

"बाबा, हात."

हात खाली आला. सहा. व्हॉल्व्ह गप्प. साडेसहा. सात.

"उघडेल आता," काका म्हणाले. "जरा लाजरा आहे."

आठ. लेकीनं दुसऱ्या हातानं बापाला मागे सारलं आणि आणखी एकदा दांडा दाबला. नऊ. मग तिनं सावकाश दाब सोडून दिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

काकांनी विचारलं, "तुझं घड्याळ बरोबर आहे ना?"

तिनं शेजारच्या टेबलावरचं दुसरं घड्याळ आणून लावलं. पुन्हा नऊ.

खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती खोकायची आणि थांबायची.

खोलल्यावर

रंग पान्याला सुद्धा दाद देईना. शेवटी व्हॉल्व्हची टोपी सुटली, स्प्रिंग निघाली. स्प्रिंग नव्यासारखी. चकती मात्र जागेवर अशी बसली होती जणू तिथंच जन्मली. लेकीनं तिच्यावर वाफ धरली, थोपटली, आणि ती निघाली तेव्हा खाली खिडकीच्या उजेडात काहीतरी चमकलं. साखर. वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेल्या पाकाची खडीसाखर झाली होती, पैलूबिलू पडलेली, काचेसारखी.

काकांनी एक खडा उचलून पाहिला.

"खाऊ नका, त्याला रंग लागलाय."

"खात नाही गं." त्यांनी खडा खाली ठेवला. "इतकी वर्षं काटा सहावर गेला असता तर?"

"उघडला नसता."

"मग आजवर काही झालं कसं नाही?"

"तुम्ही जाऊ दिला नाहीत म्हणून. तो कधी उघडलाच नाही, म्हणून चिकटला. चिकटला ते कळलं नाही, कारण तुम्ही उघडायची वेळ येऊ दिली नाहीत."

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पालथा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"म्हणजे व्हॉल्व्ह मीच होतो."

"हो. आणि नळीपलीकडच्या बायका तुमच्या एका शिंकेच्या अंतरावर होत्या."

हे ती रागानं म्हणाली नव्हती, म्हणूनच ते काकांच्या आत खोल गेलं. त्यांना साचेखोलीतून येणारा एकेक ठोसा आठवला. मग त्यांनी टॉवेलाची घडी घातली, आणि घडी घालता घालता म्हणाले, "तुझ्या आईला सांग, बॅग माळ्यावर ठेव. आता तर मी जागचा हलत नाही."

"आईला मी काही सांगणार नाही. व्हॉल्व्ह मी दुरुस्त करते, आणि कारखान्यात येऊन तुमच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवते. अट तीच."

तिनं चकतीखालच्या भोकाची कड घासली, चकती घासली, दोन्हींची तोंडं आरशासारखी जुळवली. टेबलावर लावून पाहिलं. सहावर फुस्स करून पाणी उडालं आणि काकांच्या शर्टावर आलं. त्यांनी ते पुसलं नाही. स्प्रिंगचा ताण कुणी बदलू नये म्हणून टोपी चढवून तिनं तार ओवली आणि शिशाचा शिक्का दाबला. व्हॉल्व्ह आता नागडा, राखाडी दिसत होता.

"थोडासा रंग..."

"बाबा."

"बरं, बरं."

काटा पाच, काटा साडेपाच

व्हॉल्व्ह जागेवर बसला. परतीच्या नळीभोवती आणि व्हॉल्व्हभोवती लेकीनं गरम पाण्याची बारीक नळी गुंडाळायला लावली, पाक आत थिजू नये म्हणून. दर आठवड्याला दांडी ओढून चकती हलवायची, हे तिनं आठ दिवस काकांच्या जागी बसणाऱ्या बदलीच्या माणसालाही शिकवलं. लाइन सुरू झाली. पलीकडच्या बायकांना तिनं खोली रिकामी करून पंपाच्या खोलीच्या दारापाशी उभं राहायला सांगितलं होतं, त्यामुळे दारात गर्दी. भट्टीवालाही भट्टी सोडून आला होता.

"पाकवाले, आज म्हणे तुमचा राजीनामा आहे."

"तू तुझी भट्टी बघ."

"भट्टीला व्हॉल्व्ह आहे. उघडतो तो. रोज शिट्टी मारतो माझ्याकडे बघून."

साच्यांकडची तोटी बंद करायची, आणि काकांनी काहीच करायचं नाही, असा बेत होता. पण लेक बापाला ओळखून होती. पहिल्या वेळी काटा पाचवर आला आणि काकांनी चाक फिरवलंसुद्धा.

"मी नाही केलं," काका म्हणाले. "हातानं केलं."

दुसऱ्या वेळी ते हातांवर बसले. हात निसटले.

तेव्हा लेकीनं कॅन्टीनमधून दोन कप चहा मागवला. काठोकाठ भरलेला, वाफाळता. एक कप बापाच्या उजव्या हातात दिला, एक डाव्या.

"एक माझा आहे. सांडायचा नाही."

तोटी बंद झाली. साडेचार. काकांच्या मानेची शीर ताठ झाली. पाच. उजव्या कपातला चहा थरथरला, त्यावर बारीक वलयं उठली. साडेपाच. आजवर या काट्याचं साडेपाचच्या पलीकडचं तोंड काकांनी या खोलीत पाहिलंच नव्हतं. पावणेसहा. दारातली कुजबूज थांबली. काकांचा हात कपासकट इंचभर चाकाकडे सरकला. चहा काठावर आला, फुगला, आणि ते थांबले. लेकीचा कप होता तो.

सहा.

आवाज मोठा नव्हता. कुणीतरी बराच वेळ धरलेला श्वास सोडावा तसा एक फुसकारा, आणि मग परतीच्या नळीतून टाकीत पाक पडल्याचा गबगब गबगब आवाज. काटा सहावर थबकला, जरा डोलला. तोटी उघडली तसा पावणेसहा, पाच, असा उतरत चारवर येऊन बसला. चकती टक् करून मिटली.

काका हलले नव्हते. चहा सांडला नव्हता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मी काहीच केलं नाही."

"काहीच नाही केलंत."

त्यांनी उजव्या कपाचा एक घोट घेतला, मग डाव्याचा. लेकीनं आपला कप मागितला तेव्हा तो अर्धा झाला होता.

"पुन्हा एकदा कर," काका म्हणाले.

"कशाला? उघडला की."

"ऐकायचं आहे गं."

तिनं पुन्हा केलं. त्या वेळी काका घड्याळाकडे पाठ करून, डोळे मिटून बसले होते. टाकीतली गबगब संपल्यावर त्यांनी सवयीनं भिंतीवर दोन ठोसे मारले. दारातल्या बायका हसत साचेखोलीत पळाल्या, आणि पलीकडून उत्तर आलं. या खेपेला तिथं एक नाही, बरेच ठोसे बसले.

काटा (दिसत नाही)

घरी ते म्हणाले, "बॅग काढ."

"भरलेली आहे," बायको म्हणाली. "लेकीचा फोन सकाळीच आला होता."

"सकाळी? व्हॉल्व्ह तर दुपारी उघडला."

"ती म्हणाली, तो उघडेलच. बाबांचं सांगता येत नाही, त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवलाय."

आता बस चालली आहे. खिडकीची जागा बायकोची, पण ती केव्हाच झोपली, काकांच्या उजव्या खांद्यावर डोकं ठेवून. उजवा हात त्यामुळे अडकला आहे. डाव्या हातात तिनं झोपण्याआधी दिलेलं संत्रं. एका हातानं संत्रं सोलता येत नाही, हे काकांना आत्ताच कळलं आहे. बस चढाला लागली, इंजिनाचा सूर वर वर जाऊ लागला, आणि उजव्या हाताची बोटं आपोआप वळू लागली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बोटं पुन्हा सैल झाली. वर जाऊन ड्रायव्हरनं गियर बदलला.

संत्रं त्यांनी मांडीवर ठेवून दिलं. ती उठली की सोलेल.