कुलूप निघालं तो दिवस

मित्रांनो, त्या दुपारी नरहर आणि वैजयंती शाहपुऱ्याच्या दवाखान्यातून स्कूटरवर परतले आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. याही खेपेला गर्भ राहिला नव्हता. मी त्यांचा फ्रिज. आता जुना झालो आहे, तेव्हा माझा रंग चकचकीत होता.

नरहर भोपाळच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या घरांच्या रांगेत पहिला फ्रिज मीच. शेजाऱ्यांचं दही, पोरांचा बर्फ, सगळं माझ्या पोटात असे. मग उपचार सुरू झाले. अंड्यांच्या खाचांत इंजेक्शनं आली आणि कुणाला कळू नये म्हणून माझ्या दाराला कुलूप लागलं. किल्ली वैजयंतीच्या कमरेला. शेजारच्या सिंधूताई भिंतीवरून विचारायच्या, "काय गं, फ्रिज आहे का तिजोरी?" वैजयंती नुसती हसायची. लाइट गेली की इंजेक्शनं वाचवायला एकटीच बर्फ आणायला धावायची.

"डॉक्टर म्हणतात, आणखी एकदा करून बघू," नरहर त्या दुपारी म्हणाला.

"तुम्हाला मूल हवंय, की हार नकोय?"

"दोन्ही," तो म्हणाला.

"मला थांबायचंय. सुया टोचून घेऊन माझं अंग माझं राहिलं नाही. ते मला परत हवंय."

"आईला काय सांगू?"

"दोघांनी मिळून ठरवलं, असं सांगा."

नरहरने तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "आण ती किल्ली."

त्याने कुलूप काढलं आणि अंगणात जाऊन हाक मारली, "सिंधूताई, दही घेऊन या! फ्रिज उघडा आहे!"

"का हो, सोनं संपलं वाटतं?"

वैजयंती बाहेर आली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलली, "सोनं नव्हतं, ताई. मूल व्हावं म्हणून इंजेक्शनं होती. नाही झालं. आता आम्ही थांबलोय."

मग सिंधूताई दह्याचं पातेलं घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला सांगायचं नाही होय गं? बर्फाला मी धावली असती की!"

मित्रांनो, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. आम्रखंडाची पातेली, पन्ह्याच्या बाटल्या, "आंटी, बर्फ!" म्हणत येणारी पोरं. माझं दार मिटतच नव्हतं. वैजयंती पुन्हा मोठ्याने गाणी म्हणू लागली आणि नरहर पाटावर बसून ऐकू लागला. ते घर जिंकलं होतं.

नरहरच्या निवृत्तीनंतर वसाहत सोडून आम्ही भोपाळमधल्याच अयोध्या नगरात आलो. गेल्या वर्षी वैजयंती गेली. नरहर मला भंगारात देत नाही, रोज पुसतो. तुम्हीही तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना असंच पुसा, आणि कुलूप लावलंच तर किल्ली आणखी कुणा एकाजवळ तरी द्या.

माझ्या दाराचा रबर फाटला आहे. बदलून घ्या, असं ती शेवटपर्यंत सांगत होती. तो अजून बदलायचा राहिला आहे.