भिंगकाकांची साक्ष

"दादा, तुम्हीच मला म्हणाला होतात ना, 'ताई, यात तुमची काही चूक नाही'?"

ग्राहक न्यायालयाच्या त्या लहानशा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. प्रश्न विचारणाऱ्या बाई शिवणकाम करायच्या. वकील मधेच केस सोडून गेला, म्हणून मोबाइल कंपनीविरुद्ध स्वतःच उभ्या राहिल्या होत्या. समोर कंपनीचे साक्षीदार म्हणून भिंगकाका. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात एकवीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाई केंद्रात आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं आणि डाव्या हातातल्या पिशवीत जळका फोन. बोलणं संपवून खाली ठेवायच्या आतच तो हातात पेटला होता. काकांनी तो उघडून भिंगातून पाहिला. बॅटरी आतूनच फुगून फुटली होती, बाहेरून साधा पोचासुद्धा नव्हता.

"घरचे म्हणतात, तूच कुठंतरी आपटला असशील," बाई रडवेल्या होऊन सांगत होत्या. तेव्हा काका ते वाक्य बोलून गेले होते.

आठवड्याभरात वरच्या ऑफिसातून तयार अहवाल आला. बाहेरून दाब पडल्यामुळे बॅटरी फुटली, असं त्यात लिहिलेलं. खाली सहीपुरती जागा मोकळी. काकांनी केंद्राच्या साहेबांना चाचरत विचारून पाहिलं.

"काका, आपल्याकडची दोन माणसं कमी करायचीत," साहेब हसून म्हणाले. "यादी मलाच करायचीय."

काकांनी सही केली होती.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

बाईंकडे न बघता काका म्हणाले, "रोज पन्नास फोन हाताखालून जातात. कोणाला काय बोललो, आठवत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचं काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

महिन्याभराने तक्रार फेटाळली गेली. साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. यंदाचीही कपातीची यादी लागली, तिच्यातही काकांचं नाव नव्हतं.

"काय झालं हो त्या केसचं?" बायकोने जेवताना विचारलं.

"जिंकलो."

"मग तोंड असं का पाडलंय?"

काका ताटावरून उठले.

रविवारी ते तक्रारीतल्या पत्त्यावर गेले. काय बोलायचं ते वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. चिंचोळ्या दुकानात मशीनवर बाईंची जाऊ बसली होती. बाई शेजारी उभ्या राहून डाव्या हाताने कापडावर खडूच्या रेघा मारत होत्या. उजव्या हाताची बोटं आखडून तळव्याकडे वळलेली.

बाईंनी वर पाहिलं. ओळखलं. खडू जागीच थांबला.

"काय हवंय?"

काकांनी तोंड उघडलं, पण जुळवलेल्यातलं एकही वाक्य बाहेर येईना. जाऊ मशीन थांबवून बघायला लागली.

"शर्ट," ते शेवटी म्हणाले. "शर्ट शिवायचाय."

"कापड?"

"आणतो नंतर. मापं घेऊन ठेवा."

बाईंनी गळ्यातली टेप काढली. एक टोक आखडलेल्या बोटांच्या फटीत अडकवलं, दुसरं डाव्या हाताने ताणलं आणि त्या काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. जाऊ वहीत आकडे लिहून घेऊ लागली. एकदा टेप निसटली. काका धरायला वळले, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या," आणि त्यांनी ती परत त्या फटीत बसवली.

"खांदे पाडू नका," मागून त्यांचा आवाज आला. "माप चुकतं. ताठ उभे राहा."